वरच्या अंगाच्या सळ्या

धुळे
८ एप्रिल २०२५

प्रिय कुसुमकाकी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. धुळ्याला सुखरूप पोहोचले. एसटीत बसायला जागा मिळाली, त्यामुळे पोटातल्या पाहुण्याने तक्रार केली नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र खूप सुनावलं. आता बाळंतपणापर्यंत प्रवास बंद, जिना बंद, नुसतं आडवं पडून राहायचं. अम्मी माझ्याजवळ आहे आणि जेलरसारखी पहारा देते. म्हणजे अब्बा खाली एकटे आणि वर तुम्ही एकट्या. लखीचंदकाका गेल्यावर तुम्ही वर्षीतप धरलात, एक दिवस उपास नि एक दिवस जेवण, हे ठाऊक होतं. पण त्यात मोबाइलचाही त्याग केलात म्हणून हे पत्र लिहायची वेळ आली. लहानपणी तुम्ही माझे ऱ्हस्वदीर्घ तपासायचात, त्यामुळे जपूनच लिहिते आहे.

ईदला आले तेव्हा एक गोष्ट बोलायची राहिली. काकांच्या फोटोसमोर ती बोलवली नाही. तुमच्या रस्त्याकडच्या गॅलरीत मी उभी राहिले, तेव्हा पायाखाली फरशी पोकळ वाजली. गॅलरी जिथे भिंतीला लागते तिथे नख शिरेल एवढी भेग आहे. भेगेच्या कडेला तपकिरी डाग आहेत आणि पांढरं मीठ फुललंय. आतल्या सळ्यांना गंज चढला आहे, काकी. पॉलिटेक्निकमध्ये मी पोरांना हेच शिकवते, त्यामुळे चूक होणार नाही.

हात लांब करून पाण्याची बादली धरा. ताण खांद्याच्या वरच्या अंगाला येतो, खालच्या नाही. गॅलरीचंही तसंच असतं. तिला खालून खांब नाही, भिंतीतून निघालेल्या वरच्या अंगाच्या सळ्या तिला धरून ठेवतात. त्या सळ्या गंजल्या तर खालून काहीच दिसत नाही. खालून बघणारा म्हणतो, ठणठणीत आहे. आणि ती पडते तेव्हा आधी सांगून पडत नाही.

खाली ओट्यावर अब्बा ताडपत्र्या शिवतात. मी त्यांना म्हटलं, मशीन आत घ्या. ते हो म्हणाले. पण ते सगळ्यांनाच हो म्हणतात. घर तुमचं आहे, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. तुम्ही एकदा सांगा.

एक कोडं मात्र सुटत नाही. गॅलरीवर टाकी नाही, नळ नाही. मग एवढं पाणी तिथे मुरतं कुठून?

तुमची,
अर्शी


जळगाव
१९ एप्रिल २०२५

चि. अर्शीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ऱ्हस्वदीर्घ ठीक आहेत. "बाळंतपण" यावर अनुस्वार दिलास हे पाहून बरं वाटलं, तू तो नेहमी खायचीस.

माझी तब्येत बरी आहे. उपासाच्या दिवशी काम कमी, जेवणाच्या दिवशीही कमीच. लोक विचारतात, कसं वाटतं? मला काही वाटत नाही. यांना जाऊन तीन महिने झाले, मला अजून रडू आलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघत राहतात, मग मीच त्यांना सरबत देते आणि त्या रडतात.

तुझ्या सांगण्यावरून वना गवंड्याला बोलावलं. आपल्या जिन्याचं काम ज्याने केलं होतं तो, अमळनेरकडचा. त्याने ओट्यावर उभं राहून मान वर करून पाहिलं, काठीने ठोकलं आणि म्हणाला, "खाल्तून बठ्ठं साफ शे, माय. काही व्हवाव नही." काही होणार नाही म्हणे. अन्वरभाईही हसले. म्हणाले, भाभी, पोरगी शिकली आणि घाबरट झाली.

पाण्याचं म्हणशील तर तिथे पाणी साचत नाही. मी साचूच देत नाही. सकाळी अंघोळीचं, धुण्याचं पाणी परातीतून आणून तिथे परठवते आणि हाताने पातळ पसरवते. पूर्वेचं ऊन थेट येतं, दोन घडींच्या आत फरशी कोरडी खडखडीत. खाली एक थेंब जाऊ देत नाही, अन्वरभाईंच्या ताडपत्रीवर पडायला नको म्हणून काठाला फडकं लावते.

त्यांच्या डब्याची काळजी करू नकोस. नूरबी तुझ्याकडे आहे तोवर डबा माझा. कांदा-लसणाशिवाय जेवून अन्वरभाई साधू झालेत, असं गल्लीत म्हणतात.

तुझी,
कुसुमकाकी


धुळे
२ मे २०२५

प्रिय काकी,

तुमचं पत्र मी अम्मीला वाचून दाखवलं. साधूच्या गोष्टीवर ती हसली आणि परठवण्याची ओळ मी दोनदा वाचली.

मी त्याच घरात वाढले, तरी हे विसरले होते. तुमच्या सासूबाई गच्चीवर पाणी पसरायच्या आणि आम्हा पोरांना वर येऊ द्यायच्या नाहीत. वापरलेलं पाणी गटारात साचलं की त्यात जीव होतात आणि मरतात, म्हणून ते कोरड्या जागी पसरून लवकर सुकू द्यायचं. तुम्हीच मला सांगितलं होतं. तुमच्या नेमावर बोलायची माझी पायरी नाही. अम्मी म्हणते, कोणाच्या इबादतीत बोट घालू नये. पण लोखंडाबद्दल बोलायची पायरी आहे, तेवढं ऐका.

तुमच्या बोअरचं पाणी इतकं खारं आहे की त्यात डाळ शिजत नाही. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ घेऊन जात नाही. ते फरशीच्या सांध्यांतून खाली उतरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, पुन्हा थोडं मीठ. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईवर एक पातळ कवच धरलेलं असतं, त्यामुळे ती वर्षानुवर्षं गंजत नाही. मीठ पोहोचलं की ते कवच फुटतं. मग गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आतल्या आत फुगून तो काँक्रीट फोडतो. फरशी पोकळ वाजते ती त्यामुळे. सतत भिजलेल्या जागेपेक्षा रोज भिजून रोज सुकणारी जागा लवकर जाते. खाली थेंब पडत नाही, काकी, कारण तो सळईपाशी थांबतो.

गुडघे दुखायला लागल्यापासून तुम्ही गच्चीऐवजी गॅलरीत पाणी पसरता, हो ना? मग हे बऱ्याच वर्षांचं काम आहे. वनाभाऊंना दोष नाही. छताखाली उभं राहिलं की कोणीही वरच बघतो, पण गॅलरीचं दुखणं तिच्या पाठीवर असतं.

पावसाळा तोंडावर आला. आता गावोगावचे लोक ताडपत्र्या घेऊन येतील आणि अब्बा दिवसभर ओट्यावरच असतील. त्यांना सांगितलंत का?

अर्शी


जळगाव
११ जून २०२५

चि. अर्शीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले की पेन हातात राहतं आणि दुपार निघून जाते.

पाणी बंद केलं. आता मोरीतच सोडते. पहिल्या दिवशी परात हातात घेऊन मोरीपाशी उभी राहिले. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या हाताला हात लावून हा नेम घेतला होता. मग परात कलती केली. पाणी गेलं. मला वाटलं होतं की काहीतरी होईल, निदान छातीत धडधड होईल. काही झालं नाही. परात धुऊन उपडी ठेवली.

तेव्हा आता काळजीचं कारण नाही. पाणीच नाही तर गंज कशाने चढेल?

खाली गर्दी फार आहे. नशिराबादचे, असोद्याचे, सगळे एकदम जागे झालेत. आभाळ भरून आलं की माणसाला घराच्या भोकांची आठवण होते. ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही, अन्वरभाई ताडपत्रीच्या ढिगात बुडालेले असतात आणि फक्त टोपी दिसते. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला शोधायला माणूस लावावा लागेल. ते म्हणाले, मशीनचा आवाज येतो ना भाभी, मग मी आहे.

अखिल पुण्याहून फोन करतो, शेजारच्यांच्या फोनवर. आई, काही हवंय का? मी नको म्हणते. त्यालाही बरं वाटतं.

कुसुमकाकी


धुळे
२० जून २०२५

प्रिय काकी,

तुम्ही नेम मोडलात. त्याची किंमत काय असेल ते मला पूर्ण कळणार नाही, पण थोडं कळतं. तुमच्यासमोर असते तर पाया पडले असते.

पण काकी, एवढ्याने भागत नाही. मीठ आत गेलेलं आहे, ते आता बाहेर येणार नाही. पावसाळ्याची दमट हवाही त्याला पुरते. आणि जी सळई खाल्ली गेली ती परत जाड होत नाही. वरून फरशी बदलली, सिमेंट फासलं, तरी खारं काँक्रीट आत तसंच राहतं आणि शेजारची सळई गंजू लागते. गॅलरी उतरवून नवी करावी लागेल. ते पावसाळ्यानंतर करू. आज दोनच गोष्टी करा.

पहिली, अब्बांना स्पष्ट सांगा की ओट्यावर बसू नका. "पोरगी म्हणते" असं नको, "मी सांगते" असं म्हणा. मी रोज फोन करते. ते म्हणतात, हां हां, आतच बसलोय, आणि मागे रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत असतो.

दुसरी, गॅलरीला खालून लोखंडी टेकू लावा. स्लॅब टाकताना लावतात तेच, भाड्याने मिळतात. तौसिफ नंदुरबारहून दर रविवारी घरी येतो, त्याला तिकडे पाठवते.

मला झोप लागत नाही. अम्मी समजते की दिवस भरत आले म्हणून.

अर्शी


जळगाव
१४ जुलै २०२५

चि. अर्शीस आशीर्वाद.

चौमासा लागला. चौमाशात आमच्यात तोडफोड, खोदकाम काढत नाहीत, जमिनीत जिवांचा वावर वाढलेला असतो. म्हणून गॅलरीचं काम कार्तिकी पुनवेनंतर. अखिलशी बोलणं झालं आहे. टेकूंचंही तो आला की बघेल.

अन्वरभाईंना सांगितलं. तू म्हणालीस तसंच सांगितलं, मी सांगते म्हणून. ते आत बसतात आता. तू निर्धास्त राहा आणि झोप.

तौसिफला मात्र पाठवू नकोस. तुझे दिवस भरलेत, नवऱ्याने अशा वेळी बायकोजवळ असावं, जॅक आणि टेकू घेऊन माझ्या दारात नाही. पहिल्या खेपेला बाई भांबावते. मेथीचे लाडू करून ठेवले आहेत. मला चालत नाहीत पण हात विसरलेला नाही. कोणी धुळ्याला जाणारं भेटलं की पाठवते.

माझं तसंच चाललं आहे. उपास सोपा झाला, आता तर जेवणाच्या दिवशीही भूक आठवावी लागते.

कुसुमकाकी


धुळे
२२ जुलै २०२५

प्रिय काकी,

तुमचं पत्र उशीखाली ठेवून काल रात्री झोपले. कित्येक दिवसांनी सलग झोप लागली. अब्बांना फोनवर विचारलं, काकींनी सांगितलं ना? ते म्हणाले, हां बेटा, भाभी बोली तो बात खतम. मी जास्त विचारलं नाही. तुमच्या शब्दावर आणि काय विचारायचं?

तौसिफला पाठवत नाही. लाडूंची वाट बघते.

तुमची,
अर्शी


[छापील कार्ड]

संवत्सरी, २७ ऑगस्ट २०२५

सरत्या वर्षात मनाने, वाणीने, कृतीने, जाणतेपणी किंवा अजाणतेपणी आमच्याकडून आपले मन दुखावले असल्यास आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.
मिच्छामि दुक्कडम्.

श्रीमती कुसुमलता लखीचंद व परिवार, जळगाव

[खाली हाताने लिहिलेले]

अर्शी, मुलगी झाल्याचं अखिलकडून कळलं. आशीर्वाद. अन्वरभाईंबद्दल काय लिहावं ते सुचत नाही. गॅलरी होती तिथल्या दाराला आतून फळ्या ठोकल्या आहेत.


धुळे
९ सप्टेंबर २०२५

कुसुमकाकी,

कार्ड मिळालं.

अब्बा गेले त्या दिवशी पाऊस नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही वरच होतात. मला तीन दिवसांनी सांगितलं, बाळ झाल्यावर. तोपर्यंत सगळे म्हणत होते की त्यांना ताप आहे म्हणून फोनवर येत नाहीत. मातीलाही मी नव्हते. अम्मी जाऊन आली. ती म्हणाली, गॅलरी भिंतीपासून अख्खी सुटून आली होती, मध्ये कुठे तुटलेली नव्हती. मी तिला विचारलं, भिंतीतून सळ्या बाहेर दिसत होत्या का? ती म्हणाली, होत्या, मेंदीच्या काड्यांसारख्या बारीक. बापाच्या मरणाचं ऐकताना मी सळ्यांची जाडी विचारली. माझंही तुमच्यासारखंच झालं आहे बहुतेक. मुलगी रडते तेव्हा घेते, निजली की ठेवते. मला राग आला आहे का, तेही सांगता येत नाही.

परवा असोद्याचे योगराजभाऊ भेटायला आले. त्या दुपारी अब्बा त्यांचीच ताडपत्री शिवत होते. भाऊ चहा आणायला कोपऱ्यावर गेले म्हणून वाचले. ते रडत होते. म्हणाले, "म्या सकायीच इचारलं अन्वरभाऊले, पोरगी नको मंते नं इथं बसाले? तं मने, पोरगी भिते. भाभीनं सांगतलं आसतं तं कव्हाच उचललं आसतं मशीन."

अब्बा मला फोनवर खोटं बोलले, त्याचं मला नवल नाही. ते मला बरं वाटावं म्हणून बोलायचे. पण भाभीने सांगितलं नाही, हे त्यांनी योगराजभाऊंना का खोटं सांगावं?

मी तुमचं जुलैचं पत्र पुन्हा वाचलं. मग कार्ड वाचलं. कार्डावर "जाणतेपणी किंवा अजाणतेपणी" असं आहे. छापणाऱ्याला माहीत नसतं म्हणून तो दोन्ही छापतो. तुम्हाला माहीत आहे. कार्ड सोबत परत पाठवते आहे. त्यातला एक शब्द खोडा. मग मी ते ठेवून घेईन.

अर्शी


जळगाव
१८ सप्टेंबर २०२५

अर्शी,

कार्ड सोबत आहे. "अजाणतेपणी" खोडलं आहे.

मी अन्वरभाईंना काही सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये नाही, जूनमध्ये नाही, जुलैत तुला लिहिलं तेव्हाही नाही. विसरले नव्हते. गॅलरी पडणार नाही असंही समजत नव्हते. तू सगळं नीट समजावून लिहिलं होतंस आणि मला ते समजलं होतं. बादली धरून पाहिली होती मी.

जूनमध्ये एक दिवस फार पाऊस झाला. त्या दिवशी अन्वरभाई मशीन घेऊन आत बसले आणि दार ओढून घेतलं. वर काही ऐकू येईना. यांच्या मागे या घरात दिवसभर ऐकू येणारं तेवढंच होतं. मी उठून जिन्यात जाऊन बसले आणि संध्याकाळी त्यांनी दार उघडेपर्यंत तिथून हलले नाही. त्यानंतर त्यांना सांगायला मी दोनदा खाली गेले. दोन्ही वेळा डबा देऊन वर आले. तौसिफ आला असता तर टेकूंनी ओटा भरला असता आणि मशीन आत गेलं असतं, म्हणून त्याला येऊ दिलं नाही. तुझ्या बाळंतपणाचं निमित्त केलं.

पाण्याचा नेम मोडताना मला काही वाटलं नाही, हे मी तुला लिहिलं होतं. ते खरं आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी वर्षानुवर्षं पाणी पसरलं, तेही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघते, पण अजून काही वाटत नाही. वाटेल तेव्हा मी कुठे असेन कोण जाणे.

पोलिसांच्या जबाबात "धोक्याची कल्पना नव्हती" असं लिहायला अखिलने सांगितलं होतं आणि मी सही केली होती. काल रिक्षा करून एकटी गेले आणि जबाब बदलून आले. इन्स्पेक्टर तुझ्याच वयाचा होता. त्याने मला दोनदा पाणी विचारलं, आजी, नीट आठवून सांगा म्हणाला. मी सांगितलं, नीट आठवतं. अखिलने वकील पाहिला आहे. मी वकिलाशी बोलणार नाही. पोलीस तुला बोलावतील, तेव्हा मी पाठवलेली पत्रं घेऊन जा आणि जे आहे ते सांग. माझी भीड धरू नकोस.

नूरबीला हे तूच वाचून दाखव. तिला मी लिहू शकले नाही.

शब्द खोडून झाल्यावर कार्ड परत वाचलं. पुढची ओळ क्षमेची आहे. ती मागायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून तीही खोडली. मग "परिवार" खोडलं, कारण हे मी एकटीने केलं, आणि बाकीचा छापील मजकूरही. आता कार्डावर माझं नाव आणि "जाणतेपणी" हा एकच शब्द उरला आहे.

कुसुमलता